मायग्रेन रोखायची औषधं: कोणती गोळी कुणाला, किती आणि किती दिवस

मायग्रेनच्या औषधांचे दोन गट आहेत. डोकं दुखायला लागल्यावर घ्यायची औषधं हा एक: पॅरासिटामॉल, नेप्रोक्सेन, सॅरिडॉन, व्हासोग्रेन, सुमाट्रिप्टान-रिझाट्रिप्टान वगैरे. डोकं दुखूच नये, निदान कमी वेळा आणि कमी जोरात दुखावं म्हणून रोज घ्यायची औषधं हा दुसरा. हे परीक्षण या दुसऱ्या गटाचं आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या जुन्या गोळ्या, बोटॉक्स, महिन्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं आणि दंडावर बांधायची यंत्रं असा त्याचा आवाका आहे. यातली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात. पण चिठ्ठी हातात आल्यावर काय अपेक्षा ठेवायची, कुठे गाडं अडतं आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं बोलायला गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो.

माझं मत आधीच सांगतो. जुन्या, स्वस्त गोळ्या चांगल्या आहेत. त्या लागू पडत नाहीत अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा मात्रा अर्धी असते, किंवा तीन आठवड्यांत गोळी सोडलेली असते, किंवा जोडीला रोजची वेदनाशामक गोळी चालूच असते. आणि निवड करताना ‘सगळ्यात जोरदार कोणती’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. परिणामाच्या बाबतीत या गोळ्या एकमेकींच्या जवळपास आहेत. त्यांच्यातला खरा फरक दुष्परिणामांत आहे. त्यामुळे दमा आहे का, वजन किती, झोप कशी, मुतखडा झाला होता का, मूल हवं आहे का, यावर गोळी ठरते.

गरज कुणाला? महिन्यात चार किंवा जास्त दिवस मायग्रेन होत असेल, तर रोजच्या औषधाचा विचार करावा. दिवस कमी पण प्रत्येक वेळी दोन-दोन दिवस अंथरूण धरावं लागत असेल, तरीही करावा. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले किमान आठ दिवस मायग्रेनचे असतात आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. तिथे रोजच्या औषधाविना भागत नाही.

आपल्याकडे एक अडचण याच्याही आधी येते. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून घरात ‘पित्त झालंय’ असं ठरतं आणि वर्षानुवर्षं सकाळी अनशापोटी पँटोप्राझोल चालू राहते. मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे. ॲसिडिटीच्या गोळीने मायग्रेनचे दिवस कमी होत नाहीत. अर्धं डोकं ठणकणं, उजेड आणि आवाज नकोसा होणं, जिना चढताना दुखणं वाढणं, उपचाराविना चार तास ते तीन दिवस टिकणं, ही लक्षणं जुळत असतील तर पित्ताचा नाद सोडून न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा जाणत्या फिजिशियनकडे जावं. (पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं डोकं, क्षणार्धात शिगेला पोहोचलेली दुखी, सोबत ताप आणि मान ताठ, हातापायातली ताकद जाणं किंवा बोलणं अडखळणं, असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठावं.)

औषध सुरू करण्याआधी महिनाभर नोंद ठेवावी. ॲप लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. डोकं दुखलं त्या दिवसाच्या चौकटीत एक उभी रेघ, दुखण्यावर गोळी घेतली तर त्या रेघेवर आडवी रेघ, पाळीच्या दिवसांना टिंब. महिन्याच्या शेवटी उभ्या रेघा मोजल्या की आजार किती ते कळतं, फुल्या मोजल्या की गोळ्यांचे दिवस किती ते कळतं. दोन्ही आकडे डॉक्टरांना सांगावेत. उपचार लागू पडला असं कधी म्हणायचं? तीन महिन्यांनी रेघा साधारण निम्म्यावर आल्या की. दहाच्या पाच झाल्या तर ते यश आहे. शून्याची वाट बघणारा माणूस चांगलं चाललेलं औषध सोडून देतो.

फुल्यांचा आकडा इतका महत्त्वाचा का? पॅरासिटामॉल किंवा नेप्रोक्सेनसारखी साधी गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस आणि ट्रिप्टान, अर्गोटामाइन, ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) किंवा मिश्र गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. आपल्याकडे बिनदिक्कत खाल्ल्या जाणाऱ्या दोन गोळ्या या दहा दिवसांच्या मर्यादेत येतात. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन असं मिश्रण आहे. व्हासोग्रेनमध्ये अर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि प्रोक्लोरपेराझिन अशी चार औषधं एकत्र आहेत. पर्समध्ये व्हासोग्रेनची स्ट्रिप ठेवून आठवड्याला तीन-चार गोळ्या घेणाऱ्या बाईला वरून कितीही उत्तम रोजचं औषध दिलं, तरी त्याचा गुण पुरता दिसत नाही. या गोळ्या थांबवल्या की साधारण दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. हे आधी माहीत असलं आणि त्या दिवसांपुरतं काय घ्यायचं ते डॉक्टरांशी ठरलेलं असलं, तर निभावतं. नाहीतर चौथ्या दिवशी पुन्हा स्ट्रिप उघडली जाते.

प्रोप्रॅनोलॉल

इंडेरॉल, सिप्लार या नावांनी मिळतं. मूळचं हृदयाचं औषध. १९६६ साली छातीत दुखण्यासाठी ते घेणाऱ्या रुग्णाचं मायग्रेन कमी झाल्याचं लक्षात आलं आणि तेव्हापासून ते या कामाला लागलं. आजही पहिल्या निवडीत याचं नाव घ्यावं असं मला वाटतं. स्वस्त आहे, गावोगाव मिळतं आणि त्याचे गुणदोष पुरते ठाऊक आहेत.

याचं खरं दुखणं मात्रेचं आहे. ‘एलए’ म्हणजे हळूहळू सुटणारी २० किंवा ४० मिलिग्रॅमची गोळी सुरू होते आणि सहा महिने तिथेच राहते. मायग्रेनसाठी दिवसाला ८० ते १६० मिलिग्रॅम लागतात. ४० वर सुरुवात करून दर एक-दोन आठवड्यांनी नाडी आणि रक्तदाब बघत वाढवायचं असतं. नाडी घरी मोजता येते. पाच मिनिटं शांत बसून मनगटावर तीस सेकंद मोजायची आणि दुप्पट करायची. पन्नासच्या आसपास आली किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्रा न वाढवता डॉक्टरांना कळवावं. ४० वर काही फरक नाही म्हणून ‘प्रोप्रॅनोलॉल मला चालत नाही’ असा शिक्का मारू नये.

दमा असलेल्याला हे चालत नाही. लहानपणी दमा होता, आता नाही, असं असलं तरी सांगायलाच हवं, कारण श्वासनलिका आवळू शकतात आणि पंपाचं औषधही नीट काम करत नाही. मधुमेहात इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरल्यावर होणारी धडधड या गोळीमुळे जाणवत नाही. रक्तदाबासाठी व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर दोन्ही मिळून हृदयाची गती फार खाली आणतात. चढण चढताना दम लागणं, हातपाय गार पडणं, विचित्र स्वप्नं पडणं या तक्रारी नेहमीच्या आहेत. ज्याला छातीत धडधड, हात थरथरणं, थोडा वाढलेला रक्तदाब असं काही जोडीला आहे, त्याला मात्र ही गोळी दुहेरी उपयोगी पडते.

आणखी एक तपशील चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेला असतो. प्रोप्रॅनोलॉलमुळे रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं. म्हणून प्रोप्रॅनोलॉल चालू असताना डोकं उठल्यावर रिझाट्रिप्टान १० ऐवजी ५ मिलिग्रॅमची घ्यायची असते.

फ्लुनारिझिन

भारतात न्यूरॉलॉजिस्टपासून जनरल प्रॅक्टिशनरपर्यंत सगळ्यांच्या हातातलं औषध. सिबेलियम हे त्याचं जुनं नाव. रात्री ५ ते १० मिलिग्रॅम, एकच गोळी, मात्रा वाढवायची कटकट नाही, झोपही लागते. गुण येतो, हे खरं. पण ही गोळी मुदतीची आहे आणि मुदत पाळली जात नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे.

सहा महिन्यांच्या आत ती थांबवून मोकळा काळ द्यायला हवा. लांबली तर वजन वाढतं, मन उदास होतं आणि काही जणांमध्ये, विशेषतः उतारवयात, कंपवातासारखी लक्षणं दिसतात: चाल मंदावते, पावलं आखूड पडतात, अक्षर बारीक होत जातं, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. घरच्यांना ते वयामुळे वाटतं आणि गोळी चालूच राहते. गोळी बंद केली तरी परिणाम लगेच जात नाहीत, कारण शरीरातून निम्मं औषध बाहेर पडायलाच साधारण अठरा दिवस लागतात. आधी नैराश्य झालेलं असेल किंवा कंपवात असेल तर ही गोळी नको. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, मळमळते म्हणून मेटोक्लोप्रामाइड आणि डोकं उठल्यावर प्रोक्लोरपेराझिन असलेली व्हासोग्रेन, या तिन्हींनी कंपवाताचा धोका वाढतो. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या की हा मेळ ध्यानात येतो, म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एकाच फाइलीत असाव्यात.

प्रोप्रॅनोलॉल ४० आणि फ्लुनारिझिन १० एकाच कॅप्सूलमध्ये असलेली उत्पादनं आपल्याकडे खूप खपतात. मी ती सुचवणार नाही. प्रोप्रॅनोलॉल वाढवायचं म्हटलं तर दोन कॅप्सूल घ्याव्या लागतात आणि फ्लुनारिझिनही नको तितकं वाढतं. मुदत संपली म्हणून फ्लुनारिझिन थांबवायचं तर प्रोप्रॅनोलॉलही एकदम थांबतं आणि ते एकदम थांबवणं धोक्याचं आहे: धडधड वाढते, रक्तदाब उसळतो, हृदयरोग असेल तर छातीत दुखू शकतं. दोन्ही औषधं लागतच असतील तर दोन वेगळ्या गोळ्या लिहून मागाव्यात.

अमिट्रिप्टिलिन

दहा मिलिग्रॅमची, कंपनीगणिक वेगळ्या रंगाची येणारी ही छोटी गोळी झोप न लागणाऱ्या, मान-खांदे आखडलेल्या, मायग्रेनच्या जोडीला रोजचं पट्टा बांधल्यासारखं डोकं दुखणाऱ्या माणसासाठी पहिली निवड आहे. मुलगा नेटवर शोधतो, ‘आई, ही डिप्रेशनची गोळी आहे’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी गोळी बंद. नैराश्यासाठी लागणारी मात्रा याच्या कित्येक पट असते. इथे तिचं काम मेंदूतल्या वेदनेच्या वाटा शांत करण्याचं आहे.

रात्री १० ने सुरू करून दर एक-दोन आठवड्यांनी १० वाढवत २५ ते ५० पर्यंत जातात. सकाळी डोळे उघडत नाहीत ही तक्रार हमखास येते. त्यावर उपाय सोपा: गोळी झोपताना न घेता रात्री आठच्या सुमारास घ्यावी. म्हणजे गुंगी सकाळपर्यंत ओसरते. तोंड कोरडं पडतं, शौचाला त्रास होतो, भूक वाढते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असेल तर टाळावी. साठीच्या पुढे तोल जाणं आणि विसरभोळेपणा वाढतो, म्हणून तिथे दुसरं काही शोधावं.

टोपिरामेट

वजन जास्त असलेल्या आणि बीटा ब्लॉकर (प्रोप्रॅनोलॉलच्या गटातली औषधं) न चालणाऱ्या माणसासाठी उत्तम औषध, पण ज्याने त्याने पेलावं असं नाही. वाढवण्याची शिडी ठरलेली आहे: पहिला आठवडा रात्री २५, दुसरा सकाळी २५ रात्री २५, तिसरा सकाळी २५ रात्री ५०, चौथ्यापासून सकाळ-संध्याकाळ ५०. कुठल्याही पायरीवर जड गेलं तर तिथेच दोन आठवडे थांबावं. घाईने वाढवली की लोक सोडतात.

बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. घाबरण्यासारखं नसतं, बऱ्याच जणांच्या त्या हळूहळू कमी होतात. सोड्याची, थंड पेयांची चव मिळमिळीत लागते. भूक मरते, वजन उतरतं. शब्द न आठवणं हा मात्र खरा अडसर आहे: वस्तू डोळ्यांपुढे असते, नाव जिभेवर येत नाही. शिक्षक, वकील, कॉल सेंटरमध्ये काम करणारे आणि परीक्षेला बसलेली मुलं यांनी हे आधी जाणून घ्यावं. मात्रा कमी केली की ते सुधारतं.

मुतखडा होऊन गेला असेल तर ही गोळी टाळणंच बरं. बाकीच्यांनी दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यावं. या गोळीने घामही कमी येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात शेतावर किंवा दुचाकीवर असणाऱ्याचं अंग त्यामुळे तापू शकतं, मुलांमध्ये जास्त. आणि पहिल्या महिनाभरात अचानक डोळा दुखून नजर धूसर झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. डोळ्यातला दाब वाढल्याची ती खूण असू शकते.

गरोदरपणात टोपिरामेट नको, बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो. मात्रा दिवसाला २०० आणि वर गेली की गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसाही कमी होतो. ब्रिटनमध्ये २०२४ पासून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना पक्कं गर्भनिरोधन असल्याखेरीज टोपिरामेट देत नाहीत.

व्हॅल्प्रोएट आणि डायव्हॅल्प्रोएक्सबद्दल थोडक्यातच: औषध गुणकारी आहे, पण गरोदरपणात घेतलं गेलं तर दहात साधारण एका बाळात जन्मतः व्यंग येतं आणि त्याहून कितीतरी जास्त मुलांच्या वाढीवर, शिकण्यावर परिणाम होतो. पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या बाईला नुसत्या मायग्रेनसाठी हे औषध लिहिलेलं दिसलं, तर तिने ते का दिलं हे विचारायलाच हवं.

कँडेसार्टन रक्तदाबाची गोळी आहे आणि तिची इथे म्हणावी तशी दखल घेतली जात नाही. ४ किंवा ८ ने सुरू करून १६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. नॉर्वेतल्या अभ्यासांत ती प्रोप्रॅनोलॉलच्या तोडीची ठरली. दम्यात चालते, वजन वाढवत नाही, गुंगी आणत नाही. सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं. उलट्या-जुलाब होत असताना किंवा रोज नेप्रोक्सेन चालू असताना किडनीवर ताण येतो. गरोदरपणात अजिबात नाही.

बायकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा, आंधळा ठिपका किंवा एका बाजूला बधिरपणा येत असेल, म्हणजे ऑरा असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. पाळी पुढे ढकलायला सणासुदीला आणि लग्नकार्यात घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबतही आधी विचारून घ्यावं. आणि डोकं फक्त पाळीच्या आसपासच दुखत असेल, पाळी नियमित असेल, तर वर्षभर रोज गोळी कशाला? पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाच-सहा दिवस नेप्रोक्सेन दिवसातून दोनदा, पोटाला झेपत असेल तर, एवढ्यावरही बऱ्याच जणींचं भागतं.

शाळकरी मुलांबाबत घाई नको. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ८ ते १७ वयाच्या मुलांना अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट किंवा औषध नसलेली गोळी दिली. तिन्ही गटांत निम्म्याहून जास्त मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले आणि दोन्ही औषधांचे दुष्परिणाम मात्र जास्त निघाले. नाश्ता, पाणी, झोप आणि मोबाइलची वेळ ताळ्यावर आणणं इथे औषधाआधी येतं.

बोटॉक्स

फक्त क्रॉनिक मायग्रेनसाठी, म्हणजे महिन्याला पंधरा किंवा जास्त दिवसांसाठी. अमेरिकेत याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. त्याहून कमी दिवसांच्या मायग्रेनला ते उपयोगी ठरलेलं नाही, त्यामुळे महिन्याला सहा दिवस डोकं दुखणाऱ्याला कुणी बोटॉक्स सुचवलं तर पैसे जपावेत.

पद्धत नेमकी ठरलेली आहे. एकूण १५५ युनिट, ३१ ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी ५. भुवयांमध्ये दोन ठिकाणी १०, नाकाच्या मुळाशी ५, कपाळावर चार ठिकाणी २०, दोन्ही कानशिलांवर मिळून आठ ठिकाणी ४०, डोक्याच्या मागे सहा ठिकाणी ३०, मानेवर चार ठिकाणी २०, खांद्यांवर सहा ठिकाणी ३०. सुई अगदी बारीक असते आणि सगळं पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. दर १२ आठवड्यांनी पुन्हा. ब्यूटी क्लिनिकमध्ये सुरकुत्यांसाठी कपाळावर दिलेलं बोटॉक्स म्हणजे हा उपचार नाही. तिथे मान, खांदे, डोक्याची मागची बाजू राहूनच जाते.

खर्च पाच आकडी आणि औषध, डॉक्टरांची फी, हॉस्पिटल यांवर अवलंबून. कुपी १०० किंवा २०० युनिटची येते. १५५ साठी २०० लागतात, म्हणजे ४५ युनिट उरतात. जिथे जास्त दुखतं तिथे त्यातले ४० पर्यंत वापरायची मुभा पद्धतीतच आहे, तेव्हा उरलेल्याचं काय करणार आणि बिल कशाचं लावणार, हे आधी विचारावं. एका फेरीवरून निकाल लावू नये, दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय अंदाज येत नाही. काही दिवस मान दुखते किंवा हलकी पडते. पापणी उतरली तर काही आठवड्यांत सावरते.

महिन्याची इंजेक्शनं

मायग्रेनच्या वेळी मज्जातंतूंतून सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं. या इंजेक्शनांमुळे त्याला अटकाव होतो. मायग्रेन रोखण्यासाठीच घडवलेली ही पहिली औषधं. एरेनुमॅबला अमेरिकेत मे २०१८ मध्ये परवानगी मिळाली, मागोमाग फ्रेमानेझुमॅब आणि गॅल्कानेझुमॅब आली. एरेनुमॅब महिन्याला ७० किंवा १४० मिलिग्रॅम, पोटावर किंवा मांडीत कातडीखाली, घरच्या घरी. गुण बऱ्याचदा पहिल्या महिन्यातच जाणवतो आणि गुंगी, वजन, विसरभोळेपणा यातलं काही नसतं. पैशाचा प्रश्न नसेल तर मी जुन्या गोळ्यांच्या आधी याचं नाव घेईन. अमेरिकन हेडेक सोसायटीनेही २०२४ मध्ये या गटाला पहिल्या निवडीत बसवलं आहे. भारतात मात्र हा खर्च महिन्याचा महिन्याला खिशातून जातो. मेडिक्लेमकडून ओपीडीतल्या इंजेक्शनाचे पैसे मिळतील का, हे आधी लेखी विचारावं.

जपायचं काय? इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, पण फ्रीझरमध्ये किंवा दाराच्या कप्प्यात नाही. गोठलेलं फेकून द्यावं. घ्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावं, गरम पाण्यात धरू नये, हलवू नये. बाहेर राहिलेलं एरेनुमॅब सात दिवसांत वापरावं लागतं, त्यामुळे जिथे वीज तासन् तास जाते तिथे एका वेळी एकच मागवावं आणि कुरिअरने आलेल्या खोक्यातला बर्फाचा पॅक अजून थंड आहे का ते दारातच बघावं. एरेनुमॅबने बद्धकोष्ठ होतो, कधी त्रासदायक इतका, आणि रक्तदाबही वाढू शकतो. मूल हवं असेल तर पाच-सहा महिने आधी थांबवतात. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्याने घेऊ नये. तीन मात्रांनंतरही रेघा कमी झाल्या नाहीत तर पैसे घालत राहण्यात अर्थ नाही.

परदेशातल्या मराठी माणसाने एवढं लक्षात ठेवावं: फ्लुनारिझिन अमेरिकेत विकलंच जात नाही, पुण्याहून नेलेल्या गोळ्या संपल्या की तिथल्या डॉक्टरांना ते लिहून देता येत नाही, तेव्हा जाण्याआधीच पर्याय ठरवावा. तिकडे अटोजेपँट रोज किंवा रिमेजेपँट ७५ मिलिग्रॅम एक दिवसाआड, अशा गोळ्याही आहेत. ब्रिटनमध्ये सरकारी सेवेतून सीजीआरपी इंजेक्शन मिळायला महिन्याला किमान चार दिवस मायग्रेन आणि तीन जुनी औषधं करून झालेली लागतात. म्हणून इकडे घेतलेल्या प्रत्येक गोळीचं नाव, मात्रा आणि काळ लिहिलेला कागद सोबत न्यावा.

यंत्रं, जीवनसत्त्वं, योग

सेफॅली आणि नेरिव्हिओ ही सौम्य विजेची स्पंदनं देणारी यंत्रं आहेत. सेफॅली कपाळावर चिकटवून रोज २० मिनिटं वापरायचं असतं. नेरिव्हिओ दंडावर बांधून ४५ मिनिटं, रोखण्यासाठी एक दिवसाआड, मोबाइलवरून चालवायचं. नेरिव्हिओ भारतात डॉक्टर रेड्डीजने आणलं आहे. गरोदरपणामुळे किंवा इतर आजारांमुळे गोळ्या नको असलेल्यांनी डॉक्टरांशी यावर बोलावं. नेरिव्हिओ ठरावीक वेळा वापरून झालं की संपतं, तेव्हा किंमत एका वापरामागे काढून बघावी. पेसमेकर असेल तर नको.

रिबोफ्लेविन म्हणजे बी-२ मायग्रेनसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम लागतं. बी-कॉम्प्लेक्सच्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे रोज एक बी-कॉम्प्लेक्स घेऊन मायग्रेन कमी होण्याची आशा धरू नये. ४०० ची वेगळी गोळी शोधावी. लघवी गडद पिवळी होते, ते साहजिक आहे. मॅग्नेशियम ४०० ते ६०० मिलिग्रॅम. ऑक्साइडने जुलाब होतात, सायट्रेट किंवा ग्लायसिनेट पोटाला बरं. लेबलवर क्षाराचं वजन आहे की त्यातल्या मॅग्नेशियमचं, हे वाचावं. किडनीचा आजार असेल तर घेऊ नये. दोन्हींना तीन महिने द्यावेत. बटरबर नावाची वनस्पती कुणी परदेशातून आणून दिली तर घेऊ नये, यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

योगाबद्दल दिल्लीच्या एम्सचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. औषधांच्या जोडीला योग करणाऱ्यांचे डोकेदुखीचे दिवस आणि गोळ्या नुसती औषधं घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाल्या. पहिला महिना शिक्षकासमोर आठवड्यातून तीन दिवस तासभर, पुढचे दोन महिने घरी पाच दिवस. औषधं सोडून योग, असा तो अभ्यास नव्हता. निर्जळी उपास, जेवणाची टळलेली वेळ, रविवारी दहापर्यंत झोपणं आणि कधी एक कप तर कधी सहा कप चहा, यांनीही डोकं उठतं. चहा सोडायची गरज नाही, रोज तेवढाच असला की झालं.

थांबवायचं कधी

डोकं सहा ते बारा महिने आटोक्यात राहिलं की गोळी कमी करून बघायची, एकदम नाही. प्रोप्रॅनोलॉल १६० असेल तर दोन आठवडे ८०, मग दोन आठवडे ४०, मग बंद. टोपिरामेट आठवड्याला २५ ने, अमिट्रिप्टिलिन एक-दोन आठवड्यांनी १० ने खाली आणतात. वेळ निवडताना एप्रिल-मेचं ऊन, परीक्षा, घरचं लग्न, रात्रपाळीचा महिना टाळावा. गोळी कमी करताना कालनिर्णयावर रेघा चालूच ठेवाव्यात. सलग दोन महिने चार किंवा जास्त रेघा दिसल्या तर ज्या मात्रेवर आराम होता तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने परत जावं. आधी लागू पडलेली गोळी बहुधा पुन्हाही लागू पडते. अपवाद फ्लुनारिझिनचा: ते पुन्हा सुरू करण्याआधी मधला मोकळा काळ पुरता गेला आहे का, हे तारखा बघून ठरवावं.